पाणी जातंय कुठं?

प्रश्न : मेस्त्री काका, नमस्कार. आमची डिझेल पिकअप 2018 सालची आहे, 1 लाख 86 हजार किलोमीटर चाललेली. गाडी यजमान चालवतात, डिझेलच्या पावत्या आणि हिशेबाची वही माझ्याकडे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतून टॉवेलच्या गाठी भरायच्या, कधी हैदराबाद, कधी लातूर, कधी संभाजीनगर. दिवाळीपासून गाडी पाणी प्यायला लागलीय. सहाशे किलोमीटरला एक लिटर कूलंट लागतं. गाडीखाली थेंब नाही, ऑइल स्वच्छ आहे. सकाळच्या पहिल्या स्टार्टला पांढरा धूर येतो, पाच-सात मिनिटांत थांबतो. तुळजापूरचा घाट चढताना तापमानाचा काटा वर सरकतो आणि गाडी ओढत नाही. आतापर्यंत चार गॅरेजं झाली. पहिल्यानं झाकण बदललं. दुसऱ्यानं रेडिएटर प्रेशरनं धुतला. तिसऱ्यानं थर्मोस्टॅट काढून फेकला. चौथ्यानं कूलंटच्या बाटलीच्या तोंडाशी निळं औषध धरून दाखवलं, ते हिरवं झालं. म्हणाला, हेड पॅकिंग (इंजिनाचं वरचं झाकण म्हणजे हेड, आणि ब्लॉक, यांच्यामधलं सील) गेलंय, हेड उतरवायचे 45,000 होतील. सासरे म्हणतात, विकून मोकळे व्हा. काय करावं?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, तुमची गाडी माझ्याकडून दुरुस्त होऊन गेली, म्हणजे तुमचं उत्तर तुम्हाला मिळालंय. पण अशाच तक्रारीची आणखी पत्रं आलीत, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहून काढतो.

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ म्हणजे "सहाशे किलोमीटरला एक लिटर". गॅरेजात येणारा माणूस म्हणतो, "मेस्त्री, लई पाणी खातीय." लई म्हणजे किती, ते त्याला सांगता येत नाही. तुमच्या वहीमुळे हिशेब मांडता आला. हजार मिली भागिले सहाशे, म्हणजे किलोमीटरला दोन मिलीसुद्धा नाही. चहाचा चमचा पाच मिलीचा. तीन किलोमीटरला एक चमचा पाणी! तापलेल्या सायलेन्सरमधून एवढीशी वाफ गेली तर मागच्या गाडीवाल्यालाही दिसायची नाही. दिवसभर धूर नाही म्हणून पाणी इंजिनातून जात नाही, असं म्हणताच येत नाही. सकाळी मात्र रात्रभर झिरपून साठलेलं पाणी एकदम तापतं, तेवढा वेळ धूर दिसतो. आता सकाळचा पांढरा धूर कच्च्या डिझेलचाही असतो, नोझल (डिझेल फवारणारं) किंवा ग्लो प्लग (गार इंजिन तापवणारा) खराब असला की. त्यानं डोळे चुरचुरतात. कूलंटच्या धुराला गोडसर वास येतो आणि डोळ्यांना काही होत नाही. मुद्दाम नाक लावून हुंगायला जाऊ नका, चार पावलांवरून कळतं.

"गाडीखाली थेंब नाही" यावर मात्र माझा विश्वास नाही. त्याचं कारण माझ्याच गॅरेजात घडलंय. वीसेक वर्षं झाली. अशीच एक गाडी आली, पाणी कमी होतंय, खाली थेंब नाही. मी तेव्हा जोरात होतो. हेड उतरवलं, लेथवाल्याकडून फेसिंग करून, म्हणजे घासून सपाट करून, आणलं, नवं पॅकिंग टाकलं, तीन दिवस गाडी उघडी पडली होती. आठ दिवसांत मालक परत, बाटली रिकामी. शेवटी सापडलं काय, तर वॉटर बॉडी, म्हणजे पाणी फिरवणारा पंप. तिच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक असतं, आतलं सील गेलं की पाणी तिथून बाहेर यावं म्हणून मुद्दाम ठेवलेलं. गाडी तापली की तिथून थेंब यायचा, गरम लोखंडावर पडायचा आणि जमिनीवर पोचायच्या आत सुकायचा. गार झाली की थेंब बंद. भोकाखाली फक्त हिरवट-पांढऱ्या मिठासारखा ओघळ होता, तो मी तीन दिवस रोज पाहत होतो आणि बघत नव्हतो. मजुरी मी परत केली, पण पॅकिंगचे आणि फेसिंगचे पैसे मालकाचेच गेले. तो आजही रस्त्यात भेटला की रामराम घालतो. गाडी मात्र आणत नाही.

तेव्हापासून मी हेडला शेवटी हात लावतो.

पाणी जायला वाटा मोजक्याच. बाहेर गळतं, ऑइलमध्ये उतरतं, सिलिंडरमध्ये जळतं, किंवा हीटर असलेल्या गाडीत केबिनच्या पायाखालच्या मॅटमध्ये मुरतं. आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत एक नवी वाट झालीय, ती आमच्या उस्तादांच्या वेळी नव्हती : ईजीआर कूलर. प्रदूषण कमी व्हावं म्हणून सायलेन्सरकडे जाणारा थोडा जळका वायू परत इंजिनात घेतात. तो फार गरम असतो, म्हणून आधी छोट्या कूलरमधून जातो. एका बाजूनं आग, दुसऱ्या बाजूनं तुमचं कूलंट, मध्ये पातळ पत्रा. त्याला चीर गेली की पाणी थेट धुराच्या वाटेला लागतं. खाली थेंब नाही, ऑइलला डाग नाही. तुमच्या पत्रातलं वर्णन वाचून माझा पहिला संशय तिथंच गेला. पण संशयावर पाना चालवायचा नसतो, म्हणून तुम्हाला फोनवर दोन कामं सांगितली होती.

पहिलं फुकटचं. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी स्टार्ट न करता बाटलीचं झाकण सावकाश उघडायचं. गार झालेल्या पाण्यात दाब उरायला नको. तरीही फुस्स झालं, वरचा होज पाइप दाबून टणक लागला, तर सिलिंडरचा वायू पाण्यात घुसतोय आणि हेडवरचा संशय वाढतो. तुमच्याकडे फुस्स झालं नाही. हे फक्त गार गाडीवर करायचं. गरम झाकण उघडलं तर काय होतं ते माझ्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत लिहिलेलं आहे, मे महिन्यातलं आहे, घाईत होतो.

दुसरं, हातपंप. झाकणाच्या जागी पंप लावून गार सिस्टीममध्ये दाब भरायचा. झाकणावर 1.1 बार (दाबाचं माप) लिहिलंय तर एकच्या आसपास, त्याच्या वर नाही. तुमच्या यजमानांनी गाडी होटगी रोडला आणून रात्री लावली. एकवर सोडलेला काटा सकाळी 0.6 वर होता. खाली टॉवेलच्या खोक्याचा पुठ्ठा अंथरला होता, तो कोरडा. वॉटर बॉडीचं भोक कोरडं, होजच्या क्लिपा कोरड्या, ब्लॉकला बसवलेल्या पत्र्याच्या वाट्यांभोवती गंज नाही. म्हणजे पाणी आतच जातंय.

मग ईजीआरचा पाइप सोडला. आत काजळी असते ती कोरडी हवी, फुंकली तर उडणारी. पोरानं बोट घातलं आणि माझ्यासमोर धरलं. कारळ्याच्या चटणीला तेल सुटावं तशी काळी ओली पेस्ट. कूलर काढला, पाण्याच्या दोन्ही वाटा बंद करून त्यात हवा भरली आणि बादलीत बुडवला. थंड पाण्यात काही नाही. पोरगा म्हणाला, "चांगला आहे की." मी म्हटलं, बंबातलं गरम पाणी आण. गरम पाण्यात दोन मिनिटांनी कोपऱ्यातून बुडबुड्यांची माळ निघाली, उदबत्तीच्या धुरासारखी सरळ. धातू तापला की चीर उघडते, गार झाला की मिटते.

आता चौथ्या मेस्त्रीच्या निळ्या औषधाबद्दल. त्यानं तुम्हाला फसवलं नाही, ते औषध खरंच जळक्या वायूवर रंग बदलतं. पण ते एवढंच सांगतं की वायू पाण्यात शिरलाय. कोणत्या दारानं शिरला ते सांगत नाही. घाटात लोड आला की कूलरमधल्या वायूचा दाब वाढतो आणि त्याच चिरेतून तो पाण्यात घुसतो. बाटलीत बुडबुडे दिसतात, औषध हिरवं होतं, हेडची बदनामी होते. आम्ही कूलरचे दोन्ही होज तात्पुरते एकमेकांना जोडले, वायूची वाट पत्र्यानं बंद केली आणि गाठी भरलेली गाडी तुळजापूर घाटात चढवून आणली. डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागला, तो लागणारच होता. परत आल्यावर नवं औषध धरलं. निळं ते निळंच. बाटलीवर मार्करनं मारलेली रेघ आणि पाणी एका पातळीत. हेड सुटलं.

कोणी सांगेल की असंच बायपास ठेवा, कूलरचे पैसे वाचतील. नको. ते कायद्यात बसत नाही, आणि पाणी बंद करून वायू चालू राहिला तर कूलर आतून जळतो. आमचा बायपास एका फेरीपुरता होता. तसंच "घालू की लिटरभर पाणी, चालतंय" म्हणून फुटका कूलर ओढू नका. चीर मोठी झाली की उभ्या गाडीत पाणी इनटेकमधून सिलिंडरमध्ये उतरतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सकाळी स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. मी असा रॉड पाहिलाय, केळीच्या दांड्यासारखा.

राहिला घाटातला काटा. इथं मी स्वतः फसणार होतो. कूलर सापडला म्हणून आनंदात होतो आणि घाट चढताना काटा पुन्हा वर! पाणी पूर्ण, कूलर बंद, तरी. म्हणजे आजार दोन होते आणि दोन्ही एकाच काट्यावर दिसत होते. चारही गॅरेजं एकच कारण शोधत होती, म्हणून प्रत्येकाचं उत्तर थोडं बरोबर आणि पूर्ण चूक.

तुमच्या गाडीचा एसी बंद आहे, पण त्याची जाळी, म्हणजे कंडेन्सर, रेडिएटरच्या पुढं तशीच उभी आहे. दुसऱ्या मेस्त्रीनं समोरून प्रेशर मारला, समोरची जाळी चकाचक झाली. आम्ही दोन्ही वेगळ्या केल्या. मधल्या फटीत टॉवेलचं सूत, कापूस, धूळ आणि डिझेलचा ओशटपणा बसून घोंगडीचा तुकडा तयार झाला होता. अख्खा निघाला, हातावर धरता येईल असा. मालधक्क्यावर इंजिन चालू ठेवून गाठी भरतात ना, तेव्हा पंखा समोरचं सगळं ओढतो. एमआयडीसीत फिरणाऱ्या गाड्यांना हे दर उन्हाळ्याआधी बघायलाच हवं. धुताना इंजिनाच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला, साध्या नळीनं. प्रेशर मारला तर बारीक पाती आडवी पडतात आणि हवा कायमची अडते. पंख्याचा क्लचही बघितला : गरम गाडी बंद करून पंखा हातानं फिरवला तर तो जड फिरायला हवा. भिंगरीसारखा फिरला तर क्लच गेला. तुमचा ठीक होता.

थर्मोस्टॅट परत बसवला. ही आपल्याकडची जुनी खोड, गाडी तापली की पहिला बळी थर्मोस्टॅटचा. तो 82 ते 88 अंशांच्या आसपास उघडतो आणि इंजिनाला त्याच्या उष्णतेत ठेवतो. काढला की सकाळी इंजिन तापायला वेळ लागतो, डिझेल जास्त जातं, काजळी वाढते. शिवाय बऱ्याच इंजिनांत तो उघडताना पाण्याची आतली आडवाट बंद करतो. तो नसला की ती वाट उघडी राहते, गरम पाणी रेडिएटरकडे न जाता आतल्या आत फिरतं आणि गाडी घाटात उलट जास्त तापते.

गाडी ओढत नव्हती ते ओल्या काजळीमुळे. ईजीआरचा व्हॉल्व्ह अर्धवट उघडा चिकटला होता. ताज्या हवेच्या जागी जळका वायू भरला की इंजिन गुदमरतं. व्हॉल्व्ह साफ केला. नवा कूलर, पॅकिंग, थर्मोस्टॅट, कूलंट, मजुरी सगळं धरून खर्च चौथ्या मेस्त्रीच्या आकड्याच्या निम्म्याच्या आत बसला. सासऱ्यांना सांगा, घाई करू नका. आणि वही बंद करू नका. पुढचे दोन महिने दर रविवारी गार गाडीवर रेघेशी पातळी बघून लिहून ठेवा.

उद्या खरोखर कोणाचं हेड उतरवायची वेळ आलीच, तर मेस्त्रीला एवढं विचारा : हेडवर सरळपट्टी ठेवून फिलर गेजनं वाकडेपणा मोजला का, ब्लॉकचा माथा मोजला का, पॅकिंग कोणत्या जाडीचं लागणार. डिझेलमध्ये पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो त्यावर पॅकिंगची जाडी ठरते, म्हणून त्याच्या कडेला भोकं किंवा खाचा असतात. जुन्यावर किती आहेत ते बघून मगच नवं घ्यायचं. ताणून बसणारे बोल्ट असतील तर ते पुन्हा वापरायचे नसतात. आणि काही इंजिनांच्या हेडला फेसिंग चालतच नाही. "मेस्त्री, टॉर्क रेंच (बोल्ट ठरावीक जोरानं आवळायचा पाना) आहे का?" असं विचारल्यावर ज्याला राग येतो त्याच्याकडून गाडी परत घ्या.

प्रश्न : आमच्या भागात बोअरचं पाणी. आमची जुनी पिकअप आजवर त्याच पाण्यावर चालली. आता रेडिएटरच्या तोंडाशी पांढरा थर दिसतो. मुलगा म्हणतो कूलंट घाला. सोलापूर जिल्ह्यात बर्फ कुठं पडतो, मग कूलंट कशाला? आणि हिरवं घ्यायचं की लाल?
— एक शेतकरी, अक्कलकोट तालुका

उत्तर : मालक, बर्फासाठी नाही, उकळण्यासाठी. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर आहे, इथं साधं पाणी 100 च्या थोडं आधीच उकळतं. निम्मं कूलंट निम्मं पाणी केलं की उकळी 107 अंशांच्या आसपास जाते, आणि झाकणाच्या दाबानं त्याच्याही बरीच वर. मे महिन्यात बाहेर 43-44 असताना, मागं कांद्याची पोती असताना, हाच फरक कामाला येतो.

तो पांढरा थर म्हणजे पाणी तापवायच्या कॉइलवर जमतो तोच खार. कॉइलवरचा आपण खरवडतो, इंजिनातला दिसत नाही. बोअरच्या पाण्याचं आणखी एक दुखणं आहे. ज्या डिझेल इंजिनांत लायनरला, म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो त्या नळीला, बाहेरून थेट पाणी लागतं, तिथं लायनर दर स्फोटाला थरथरतो, त्याच्या अंगावर पाण्याचे सूक्ष्म बुडबुडे होतात आणि फुटतात. ते लोखंड कुरतडतात. चांगल्या कूलंटमधल्या रसायनांचा थर ते थांबवतो. नुसत्या पाण्यात काही वर्षांनी लायनरला सुईनं टोचल्यासारखी भोकं पडतात.

रंगावर जाऊ नका, तो नुसता रंग आहे, कंपनी वाटेल तो घालते. गाडीच्या पुस्तकात लिहिलेला प्रकार घ्या आणि दोन प्रकार मिसळू नका. पाणी बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड. "जास्त चांगलं" म्हणून नुसतं कूलंटही भरू नका, ते निम्म्या मिश्रणापेक्षा उष्णता कमी वाहून नेतं. आधी जुना खार साफ करून घ्या. मात्र इतक्या वर्षांचा खार निघाला की एखादी गळती उघडी पडू शकते, त्याची तयारी ठेवा. तो खारच बूच बनून बसलेला असतो. आणि काढलेलं कूलंट अंगणात ओतू नका. चवीला गोड असतं, कुत्री चाटतात, आणि ते विष आहे.

प्रश्न : दुधाच्या कॅनसाठी गाडी रोज सकाळी तीन किलोमीटर जाते-येते. ऑइलच्या झाकणाखाली लोण्यासारखं पांढरं जमलंय. शेजारी म्हणतो इंजिन संपलं.
— एक वाचक, पंढरपूर

उत्तर : बहुतेक नाही. तीन किलोमीटरमध्ये इंजिन नीट तापतच नाही, आतली ओल झाकणाखाली गार होऊन ऑइलमध्ये घुसळली जाते. झाकण पुसा, आठवड्यातून एकदा गाडी तासभर लांब चालवा, पुन्हा बघा. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाच्या चहासारखं असेल किंवा पातळी आपोआप वाढत असेल तर मात्र काळजीचं. खात्री करायची तर डिपस्टिकचा एक थेंब तापलेल्या तव्यावर टाका. पाणी असेल तर तडतडतं. पातळी वाढलीय पण तडतडत नाही, तर ते डिझेल उतरतंय, नोझल तपासा. तवा भंगारातला घ्या. मी घरातला घेतला होता.